वाचक विचारतात: आजीचं काइन आणि पांढरे बूट

प्रश्न: ताई, इंडोनेशियातल्या एका तरुण मॉडेलचे फोटो पाहिले. कमरेला जुनं बाटिक, वर ढगळ हूडी, पायात पांढरे स्नीकर्स, मागे मेट्रोचा जिना. दिसत होती झकास, पण हा परंपरेचा मान म्हणायचा की फोटोपुरती हौस? तुम्ही जकार्तात राहिलात, म्हणून विचारते.

उत्तर: तुम्ही पाहिलेली मुलगी कोण ते मला माहीत नाही, पण तशीच एक आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. वय बावीस, मूळची जावातल्या सोलो शहरातली. मला ‘तांते’ म्हणायची, म्हणजे मावशी, काकू, जे समजाल ते. पोटासाठी कॅटलॉगच्या कपड्यांत उभी राहायची. स्वतःच्या मनासारखे फोटो काढायचे असले, की आजीकडून आणलेली काइनं बाहेर निघत.

काइन म्हणजे न शिवलेलं कापड, बहुधा बाटिकचं, म्हणजे मेणाने नक्षी झाकून रंगवलेलं. अडीच मीटरच्या आसपास लांब, मीटरभर पन्ह्याचं. जुन्या पद्धतीत समोर बोटभर रुंदीच्या निऱ्या घालतात, कमरेला ‘स्तागेन’ नावाचा लांबच लांब विणलेला पट्टा आवळून गुंडाळतात आणि वर कबाया, म्हणजे लांब बाह्यांचा ब्लाउज. आमची ही बया स्तागेन तेवढा इमानदारीने बांधायची, कारण त्याशिवाय काइन टिकतच नाही. बाकी सगळं स्वतःचं. काइन घोट्याच्या वर, आत सायकलवाल्यांसारखी घट्ट चड्डी (जकार्तातल्या सुदीरमान रस्त्याखालच्या भुयारी स्टेशनाचे जिने चढून बघा, मग कळेल का ते), वर भावाचं जॅकेट. सुरुवातीला मैत्रिणी चिडवायच्या, “कोंडांगान?” म्हणजे, कुणाच्या लग्नाला निघालीस?

या टोमण्यातच तुमचं उत्तर आहे. २ ऑक्टोबर २००९ रोजी युनेस्कोने इंडोनेशियाचं बाटिक वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हापासून तो दिवस तिथे बाटिकचा दिवस म्हणून पाळतात आणि कित्येक कचेऱ्यांत शुक्रवारी बाटिकचा शर्ट ठरलेला. मान मिळाला खरा, पण पोरांच्या लेखी बाटिक म्हणजे साहेबांचा शर्ट होऊन बसलं. या मुलींचं भांडण आजीशी नाहीच, त्या शुक्रवारच्या शर्टाशी आहे. काइन नेसून कॉफी प्यायला जाणं, मेट्रोत बसणं, याला त्या ‘बरकाइन’ म्हणतात. साधं क्रियापद आहे, काइन नेसणे.

आणि शुद्ध परंपरा म्हणाल, तर ती होती कधी? जावातल्या पकालोंगानच्या बाटिकवर युरोपीय बायकांच्या कारखान्यांनी पुष्पगुच्छ आणले, चिनी घराण्यांनी आपले रंग आणले, गुजरातेतल्या पाटणच्या पटोळ्याची नक्कल करून जावाच्या कारागिरांनी ‘ज्लाम्प्रांग’ काढलं. १९४२ ते १९४५ या जपानी अंमलात कापडाची चणचण होती, तेव्हा ‘पागी-सोरे’ काइनांचा बोलबाला झाला. पागी म्हणजे सकाळ, सोरे म्हणजे संध्याकाळ. एकाच कापडाच्या दोन अर्ध्यांवर दोन वेगळ्या नक्ष्या. सकाळी एक अर्धं बाहेर, संध्याकाळी दुसरं. शेजारणीला वाटावं, हिच्याकडे दोन आहेत! याहून शहरी कपडा मला तरी ठाऊक नाही.

हौस कुठे संपते याचा तिचा स्वतःचा एक नियम होता: आजीच्या कापडाला कात्री नाही. एका शूटवर स्टायलिस्टने हाताने रेखलेलं काइन मधोमध कापून जॅकेटची पाठ करायचं ठरवलं, तेव्हा ती ते काइन बॅगेत भरून घरी आली. काम गेलं. रात्री आमच्याकडे बसून रडली आणि रडता रडता म्हणाली, “तांते, कापायचंच होतं तर लुरिक कापा ना!” लुरिक म्हणजे योग्यकार्ताकडचं पट्ट्यापट्ट्यांचं हातमागाचं कापड, मीटरवर मिळतं, शिवण्यासाठीच असतं. त्याचं बॉम्बर जॅकेट ती स्वतः आनंदाने घालायची. हाताने मेण ओतून केलेल्या ‘तुलिस’ काइनाला मात्र महिनोन् महिने लागतात. हा फरक कळणारी पोर हौशी कशी म्हणायची?

२०२२च्या जुलैत जकार्तातल्या दुकुह आतास भागाच्या झेब्रा क्रॉसिंगवर उपनगरांतली पोरं फॅशन शो करू लागली. चितायाम, बोजोंगगदे, देपोक इथून लोकलने यायची, अंगावर स्वस्तातले नाहीतर जुने कपडे. त्याला नाव पडलं ‘चितायाम फॅशन वीक’. मग त्या नावावर ट्रेडमार्कचे अर्ज पडले, लोक खवळले, अर्ज मागे घेतले गेले. आमची मॉडेल तिथे एकदाच गेली, काइन नेसून. म्हणाली, “मला कुणी कोंडांगान विचारलं नाही.”

प्रश्न: मग कोणतीही नक्षी कशावरही चालते का?

उत्तर: नाही हो. एकदा तिने ‘स्लोबोग’ नेसून एका कॅफेत फोटो काढले. त्रिकोणांची गडद, देखणी नक्षी, काळ्या बुटांवर शोभली म्हणून निवडलेली. फोटो टाकल्यावर तासाभरात सोलोहून आजीचा फोन. पहिला प्रश्न, “कोण गेलं?” स्लोबोग जावात दुखवट्याला नेसतात. फोटो लगेच उतरवले.

तिरक्या, तलवारीसारख्या पट्ट्यांची ‘पारांग’ नक्षी एकेकाळी राजघराण्यासाठी राखीव होती. आज बाजारात ती कुणालाही मिळते, रस्त्यावर खुशाल नेसा. पण योग्यकार्ताच्या क्राटोनमध्ये, म्हणजे राजवाड्यात, पाहुण्यांनी ती घालायची नाही. लग्नातही नवरा-नवरी टाळतात, संसारात भांडणं होतात म्हणे. नवरा-नवरीला सिदोमुक्ती, आई-वडिलांना त्रुंतुम. हे सगळं पाठ करायची गरज नाही. विकणाऱ्या बाईला विचारायचं, “हे कधी नेसतात?” बाजारातल्या बायका एवढ्या खुशीत सांगतात की बस चुकते.

प्रश्न: खरं बाटिक कसं ओळखायचं आणि धुवायचं कसं?

उत्तर: उलटं करून बघा. मेण कापडातून आरपार गेलेलं असतं, म्हणून खऱ्या बाटिकची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते. छापील कापडाची पाठ बहुधा फिकट. तुलिसमध्ये एका फुलासारखं दुसरं फूल नसतं. ‘चाप’ म्हणजे तांब्याच्या ठशाने लावलेलं मेण. त्यात नक्षी तीच तीच येते, पण तेही अस्सल बाटिकच, नाक मुरडू नका. योग्यकार्ताच्या बरिंगहार्जो बाजारात छापील तुकडा हजारो रुपियांत मिळतो, तुलिस लाखांत जातं. रुपियाचे लाख, घाबरू नका.

धुण्याची पावडर वर्ज्य. तिकडे ‘लेराक’च्या फळांच्या फेसात धुतात. लेराक म्हणजे रिठ्याचा सख्खा भाऊ, तेव्हा रिठा वापरा. पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्री वर दुसरं कापड ठेवून. कपाटात डांबराच्या गोळ्या नकोत, काळी मिरी पुरचुंडीत बांधून ठेवा. तिने काइन उलगडलं की आमच्या लिफ्टभर मिऱ्यांचा वास यायचा.