लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला स्वस्तातला कॅमेरा आणि दोन स्मार्ट प्लग घरच्या वायफायवर टाकू की त्यासाठी वेगळं नेटवर्क करू? घर छोटं आहे, एवढं कशाला?

वेगळंच करा. कॅमेरा आणि सोबतचे ते दोन स्मार्ट प्लग, तिन्ही त्याच्यावर टाका. घर छोटं आहे, एवढं कशाला असं तुम्ही विचारलंय, पण मुंबईत वन आरकेमध्ये पण त्याच वायफायवर ऑफिसचा लॅपटॉप, बँकेचं अ‍ॅप असलेला फोन, सगळंच असतं ना, आणि अशा नाव नसलेल्या कॅमेऱ्याला अपडेट कधी येईल, येईल तरी का, कोणी सांगू शकत नाही. 2016 ला मिराय नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे, पकडले होते, काही मोठी हुशारी नाही, कंपनीने दिलेले साठेक ठरलेले यूजरनेम-पासवर्ड टेलनेटवरून, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीने, टाकून बघायचे, बस, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अशाच डिव्हाइसेसकडून डाइन (Dyn) या, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्स कितीतरी लोकांना उघडत नव्हतं. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात होते त्यांना बहुतेक काही कळलं पण नसेल.

आधी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, आहे का बघा. असेल तर चालू करा, 2.4 गिगाहर्ट्झवर, कारण असले प्लग बहुतेक 5 वर चालतच नाहीत, आणि गेस्टला लोकल नेटवर्क दिसू देणारा ऑप्शन बंद ठेवा.

केबलवाल्याने दिलेल्या राउटरच्या डब्यात गेस्ट नसेल तर त्याला दुसरा राउटर जोडायचा, आणि इथे खूप जण उलटं करतात. नवीन राउटरवर कॅमेरा टाकतात आणि स्वतः जुन्या डब्यावर राहतात. तसं नका करू! आतल्या, म्हणजे नवीन राउटरवरचं डिव्हाइस बाहेरच्या, म्हणजे जुन्या डब्याच्या नेटवर्कपर्यंत आरामात पोचतं, पण बाहेरून आत यायला नॅट, म्हणजे आतल्या डिव्हाइसचे पत्ते झाकणारी राउटरची सोय, आडवी येते, म्हणजे फ्लॅटच्या लॅचसारखं, आतून उघडतं बाहेरून नाही. म्हणून कॅमेरा आणि प्लग केबलवाल्याच्या डब्यावर, आणि लॅपटॉप, फोन, प्रिंटर नवीन राउटरवर. नवीन राउटर राउटर मोडमध्येच ठेवा, अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलात तर सगळं परत एकाच नेटवर्कवर येईल. दोन्ही राउटरचे पत्ते 192.168.1 ने सुरू होत असतील तर एकाचं बदलून घ्या, नाहीतर नेट बहुतेक नीट चालणार नाही.

लोकल ट्रेनमधून फोनवर कॅमेरा बघता येईल का, तर बहुतेक येईल, ते क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून चालतं. टीव्हीवर कास्ट करायचं असेल तर मात्र फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर लागतील, मी टीव्ही आतल्या नेटवर्कवरच ठेवलाय.

दोन्ही डब्यांचे अ‍ॅडमिन पासवर्ड आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला, यूपीएनपी, म्हणजे डिव्हाइसला आपणहून राउटरमध्ये बाहेरची वाट उघडू देणारी सोय, बंद करा. झालं की फोन कॅमेऱ्याच्या नेटवर्कवर जोडून प्रिंटरचं पेज उघडतंय का बघा, उघडलं तर काहीतरी राहिलंय.

आणि एक, मनापासून सांगतो, एवढं सगळं केलं तरी कॅमेरा जे बघतो ते कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकतंच, ते यातून थांबत नाही. त्यामुळे तो दाराकडे लावा, झोपायच्या जागेकडे अजिबात नको.