तीन औषधांची ट्यूब आणि करदोडा

प्रश्न : माझ्या मिस्टरांना पावसाळ्यापासून जांघेत गोल चट्टा आहे, खाज फार. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत आराम पडतो, बंद केली की दुप्पट होऊन येतो. ओळखीच्या कंपाउंडरने ॲझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या दिल्या, फरक शून्य. आता मुलीच्या कमरेवरही तसंच उठलंय. याहून कडक अँटिबायोटिक सांगाल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, कडक नको नि सौम्यही नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे गजकर्ण दिसतंय, म्हणजे बुरशी. ॲझिथ्रोमायसिन जिवाणूंवर चालतं, बुरशीला त्याने काही होत नाही.

ट्यूबच्या खोक्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. बहुधा तीन नावं सापडतील : क्लोबेटासोल, निओमायसिन किंवा जेन्टामायसिन, आणि मायकोनाझोल. यातलं मधलं अँटिबायोटिक, तुमच्या दुखण्यात त्याचं काहीच काम नाही. शेवटचं बुरशीचं. आणि पहिलं, क्लोबेटासोल, हे जबरी स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते ती त्याच्यामुळे. त्वचेची प्रतिकारशक्ती गप्प बसते, लाली उतरते, चट्ट्याची कडा पुसट होते आणि आत बुरशी निवांत पसरते. महिनोन् महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे पोटावर बाळंतपणानंतर उठतात तसे व्रण पडतात. ते मग जात नाहीत. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण काउंटरवर अजून ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढंच पुरतं.

ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज उसळेल. घाबरून पुन्हा तीच लावू नका. त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, मग बुरशीचं साधं मलम आणि लागल्यास इट्राकोनाझोलसारख्या गोळ्या देतील. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे. लोक इथेच कंटाळतात. लेकीचं औषध त्याच दिवशी सुरू करा, नाहीतर घरातल्या घरात खो-खो चालू राहील.

आणखी एक, मिस्टरांच्या कमरेला करदोडा आहे का? घामाने ओला, कधी न वाळणारा काळा दोरा हे बुरशीचं माहेरघर. माझ्याकडे येणारे काढायला फार कुरकुरतात, सासूबाई रागावतील म्हणतात. औषध चालू असेपर्यंत तरी काढा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आतले कपडे उलटे करून उन्हात.

अँटिबायोटिक लागतंच, पण कुठे? लहान मुलाच्या नाकाखाली मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, तर म्युपिरोसिनचं मलम छान काम करतं. पाय लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. केसतोडा मोठा होऊन पिकला असेल तर बरेचदा डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला की भागतं. मुरमांना आम्ही डॉक्सिसायक्लिन देतो, तेही सूज उतरवायला आणि साधारण तीन महिन्यांपुरतंच.

डॉक्टरकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी पिळून संपलेल्यासुद्धा, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. ‘पांढरी ट्यूब होती’ एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.