बाईंना विचारा : अर्ध्या मिनिटासाठी दोन तासांची रांग

प्रश्न : आदरणीय बाई, माझा नातू न्यू जर्सीत एडिसनला असतो, 17 वर्षांचा आहे. तिथली 'किंगडा का' नावाची राइड 2025च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडली, तेव्हा पठ्ठ्या दोन दिवस नीट जेवला नाही. आम्ही तिकडे गेलो होतो तेव्हा मी आणि हे सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसलो आणि ही मंडळी दोन तास रांगेत. राइड मात्र अर्ध्या मिनिटात आटोपली! एवढं काय असतं हो त्यात? आणि एवढी लाडकी होती तर पाडली कशाला?
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, पिशव्यांच्या त्या बाकावर मीही बसले आहे. पार्कही तेच, जॅक्सन गावातलं सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर. लेक त्याच राज्यात राहते, आणि सासूबाईंना एकदा तरी तिथे न्यायचंच असा जावईबापूंचा हट्ट होता. खांद्याचं दुखणं असल्यामुळे मी वर बसले नाही. पण जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला नुसतं बाकावर कसं बसवणार? पिशव्या दुसऱ्या एका आजींच्या हवाली केल्या आणि कठड्याशी जाऊन उभी राहिले.

आधी यंत्र समजून घ्या. मे 2005मध्ये ही राइड सुरू झाली तेव्हा जगातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात वेगवान रोलर कोस्टर होती. वेगाचा मान 2010मध्ये अबू धाबीच्या फॉर्म्युला रोसाने हिसकावला, उंचीचा मात्र बंद होईपर्यंत हिच्याकडेच राहिला. उंची 139 मीटर. आपला कुतुबमिनार साडेबहात्तर मीटरचा. दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तर जेमतेम हिच्या डोक्यावरून बघतील. 18 माणसांची गाडी सपाट रुळावर उभी असते. ती साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटरचा वेग घेते. मग रूळ सरळ आभाळाकडे वळतो. चढता चढता गाडी पाव वळसा घेते, माथ्यावरून पलटते, पाऊण वळसा घेत नाकासमोर खाली येते, 39 मीटरच्या दुसऱ्या टेकाडावर सगळ्यांना सीटवरून अलगद उचलते आणि थांबते. सुटल्यापासून ब्रेक लागेपर्यंत 28 सेकंद.

साडेतीन सेकंदांत 206 म्हणजे काय, याचं गणित मी कठड्याशी उभी राहूनच केलं. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पावणेदोन पट येतं. साठ किलोच्या माणसाची पाठ सीटवर अशी रेटली जाते, जणू शंभर किलोचं ओझं छातीवर टेकवलंय. त्यात कोणी ओरडत नाही, आजी. ओरडायला श्वास लागतो. किंकाळ्या ऐकू येतात त्या नंतर, उतरताना.

आता तुमचा खरा प्रश्न. माझं मत असं, की लोक त्या 28 सेकंदांसाठी रांग लावत नव्हते. त्यांना हवे असायचे त्याच्या आधीचे चार-पाच सेकंद. गाडी स्टेशनातून बाहेर येऊन थांबते. मग किंचित मागे सरकते, कारण खालच्या ओढणाऱ्या यंत्रात तिला अडकायचं असतं. रुळांमधल्या ब्रेकच्या पट्ट्या खाली बसतात. आणि मग काहीच होत नाही. आता उतरता येत नाही, कधी सुटणार ते कळत नाही, समोर तो हिरवा मनोरा. एक दांडगट पोरांची रांग माझ्या समोर आली होती, रांगेत दोन तास नुसता दंगा घातलेली. त्या क्षणी एकाच्याही तोंडातून शब्द फुटत नव्हता. एकजण डोळे मिटून पुटपुटत होता. पुटपुटणं कुठल्याही भाषेत देवाचंच असतं.

दोन तासांची रांगही यातच धरा. रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर गाड्यांमागून गाड्या सुटतात, आणि प्रत्येक गाडी त्याला सांगत असते की पुढचा नंबर तुझा. डोक्याला पक्कं ठाऊक असतं की ही माणसं हसत परत येतायत. शरीराला ते पटत नाही; ते बिचारं छाती धडधडवतं, तळहात घामेजवतं. या दोघांचं भांडण दोन तास वाढत जातं आणि साडेतीन सेकंदांत निकाली निघतं. रांग नसती आणि येता-जाता बसता आलं असतं, तर तुमच्या नातवाला तिचं एवढं वेड लागलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यांनाच हे आवडतं असं मात्र नाही. मार्विन झुकरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात माणसाची थराराची भूक मोजायची प्रश्नावली तयार केली. काहींची ही भूक उपजतच मोठी असते, आणि तरुणपणी ती सगळ्यात जास्त असते. त्यामुळे तुम्हाला त्यात काही वाटलं नाही यात पिढीचा दोष नाही. आपल्या वेळीही जत्रेतल्या आकाशपाळण्यात माथ्यावर गेल्यावर मुद्दाम पाळणा हलवणारी कार्टी होतीच की! आणि एक गंमत. सिंडी मेस्टन आणि पेनी फ्रोलिक या दोन संशोधिकांनी 2003मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. टेक्सासच्या पार्कांत त्यांनी लोकांना अनोळखी व्यक्तीचा फोटो दाखवला, काहींना रोलर कोस्टरवर बसण्याआधी, काहींना उतरल्यावर. शेजारी प्रेमाचं माणूस नव्हतं अशांपैकी उतरलेल्यांना तोच चेहरा जास्त देखणा वाटला. धडधड राइडची, श्रेय फोटोला! कॉलेजातली पोरं जोड्या जमवायला तिथे का जातात, ते आता कळलं ना?

पाडली का? मालकांच्या मनातलं मी कुठून सांगू? त्यांनी 2026साठी नव्या विक्रमी राइडची घोषणा केली, इतकं जाहीर आहे. पण यंत्राचा स्वभाव सांगते. गाडीला ओढणारी यंत्रणा म्हणजे एक अवाढव्य रहाट समजा. तेलाच्या दाबाने नायट्रोजन वायू कोंडून ठेवायचा, एकदम सोडायचा, त्याच्या जोरावर ढोल फिरतो, ढोलावर पोलादी दोर गुंडाळला जातो आणि दोर गाडीला ओढतो. ऐन क्षणी ताकद 20,000 अश्वशक्तीच्या पुढे. प्रत्येक फेरीला एवढा हिसका बसल्यावर झीज किती होत असेल! सुरू झाल्यावर तीन आठवडे होतात न होतात तोच, जून 2005मध्ये एक बोल्ट तुटला आणि राइड ऑगस्टपर्यंत बंद राहिली. 2009च्या मे महिन्यात वीज पडली, पुन्हा ऑगस्टपर्यंत बंद. साध्या पावसातही ती चालवत नसत. असे तेलाच्या दाबाचे रहाट आता नव्या राइड्सना कोणी बसवत नाही, विद्युतचुंबकाने ढकलतात.

नातवाच्या न जेवण्याचं कारण मला वेगळंच वाटतं. 10 नोव्हेंबर 2024ला राइड शेवटची धावली, आणि ती कायमची बंद झाल्याचं लोकांना कळलं ते त्यानंतर. शेवटची रांग लावायची संधीच कोणाला मिळाली नाही. माणूस गेल्यावर बातमी कळावी तसलं झालं ते. त्याची थट्टा करू नका, पुढच्या फोनवर त्याला पहिल्या फेरीबद्दल विचारा. तासभर बोलेल.

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. याच राइडचे व्हिडिओ बघितले. कधी कधी गाडी माथ्याजवळ जाऊन अडते आणि उलटी खाली येते. हा तर सरळ बिघाड, मग लोक टाळ्या का वाजवतात? आणि ती थांबते कशी?
– इचलकरंजीहून एक विद्यार्थी

उत्तर : शाब्बास, आता वही काढ. सगळी गतिज ऊर्जा स्थितिज झाली असं धर. 139 मीटर चढायला किती वेग हवा? दोन गुणिले 9.8 गुणिले 139, त्याचं वर्गमूळ. सेकंदाला 52 मीटर, म्हणजे ताशी 188 किलोमीटर. राइडचा वेग 206. ऊर्जेच्या हिशेबात जेमतेम वीस टक्के जादा. चाकांचं घर्षण आणि हवेचा विरोध या सगळ्यांना त्यातूनच वाटा द्यायचा. समोरून वारा असला, गाडी पहाटेची गारठलेली असली किंवा रहाट जरासा कमी ओढला गेला, की संपलं. जादा वेग द्यायचा तर माथ्यावर माणसं फेकली जातील, म्हणून हिशेब असा काठावरचा. हे घडणार हे धरूनच राइड आखलेली होती. तेव्हा त्याला बिघाड म्हणू नकोस.

थांबण्यात तर खरी मजा आहे. गाडी निघून गेली की रुळांमधल्या पट्ट्या पुन्हा वर येतात. एका बाजूला चुंबक, दुसऱ्या बाजूला धातूची पट्टी, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. चुंबक वेगाने पट्टीजवळून गेलं की पट्टीत भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि ते आलेल्या गतीलाच विरोध करतात. लेन्झचा नियम, बारावीला दोन मार्कांना घोकलेला! वेग जितका जास्त तितका विरोध जास्त. असा ब्रेक वीज गेली तरी चालतो, ओल्या पट्टीवरही चालतो. घरी तांब्याच्या नळीतून जोरकस चुंबक सोडून बघ, कसं रेंगाळत खाली येतं ते.

आणि टाळ्या? बाकीचे एकदाच सुटतात, यांना एकाच रांगेत दोनदा सुटायला मिळतं, कारण त्यांना पुन्हा सोडतात! माझ्यासमोर एक गाडी अशी परत आली तेव्हा रांगेतली झाडून सगळी माणसं वर्ल्ड कप जिंकल्यासारखी ओरडली. गाडीतले लोक पांढरेफटक, आणि तरी हात वर करून हसत होते. भाग्यवान म्हणून त्यांचा हेवा करणारे मी कानांनी ऐकले आहेत.

प्रश्न : रोलर कोस्टरवर बसल्याने मुतखडा पडतो असं व्हॉट्सॲपवर आलंय. खरं का?
– एक त्रस्त वाचक, लातूर

उत्तर : यावेळी व्हॉट्सॲप पूर्ण खोटं बोललेलं नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड वार्टिंगर यांनी मूत्रपिंडाची सिलिकोनची प्रतिकृती केली, तिच्यात खरे खडे आणि लघवी घातली आणि ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कातल्या बिग थंडर माउंटनवर फिरवली. अभ्यास 2016मध्ये छापून आला. मागच्या सीटवर जवळपास 64 टक्के वेळा खडा सुटला, पुढच्या सीटवर 17 टक्के. 2018मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस असतं ते. पण ही राइड बेताच्या वेगाची आणि खडखडणारी, खडे बारीक, आणि प्रयोग माणसावर नव्हे तर प्रतिकृतीवर. तुम्ही आधी सोनोग्राफी करून घ्या आणि डॉक्टरांना विचारा. खडा मोठा असेल तर सीट कुठलीही घ्या, उपयोग नाही.

प्रश्न : खोपोलीच्या इमॅजिकाला मुलांना घेऊन जातोय. नायट्रोवर बसावं का? पुढे की मागे? भीती वाटते.
– एक बाबा, ठाणे

उत्तर : बसा. 2013ला सुरू झालेल्या या पार्कातली नायट्रो स्विस कंपनीची आहे, बोलिजर अँड माबियार. उंची 40 मीटर, पाच वेळा माणूस उलटा होतो, आणि पायाखाली फरशी नसते. पाय लोंबकळत राहतात, चप्पल आधी काढून ठेवा. हिला साखळी ओढून वर नेते. टक-टक-टक आवाज येईल, घाबरू नका. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून अडकणाऱ्या खिट्ट्यांचा तो आवाज. उलट तो थांबला की घाबरा, कारण मग उतार आला.

गोल वळसे नीट बघा, ते गोल नाहीत. माथ्याशी चिंचोळे, खाली पसरट. 1895मध्ये कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाच्या राइडने खरोखर वर्तुळात गाडी फिरवली, तर लोकांच्या माना अवघडून आल्या, कारण वर्तुळात शिरताक्षणीच सगळा दाब एकदम येतो. 1976मध्ये कॅलिफोर्नियातल्या राइडसाठी जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल यांनी थेंबाच्या आकाराचा वळसा आखला, दाब हळूहळू वाढेल असा. तेव्हापासून असे वळसे सगळीकडे रुळले.

धोका शून्य म्हणणार नाही. ओहायोत, किंगडा काच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे तशाच पण आधी बांधलेल्या टॉप थ्रिल ड्रॅगस्टर या राइडच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईंना 2021मध्ये गाडीचा निसटलेला धातूचा तुकडा लागला होता, आणि ती राइड त्या रूपात पुन्हा धावली नाही. पण मला विचाराल तर गावोगावच्या जत्रेत रात्रीतून उभ्या राहिलेल्या पाळण्यांची भीती मला कितीतरी जास्त वाटते. तिथे बोल्ट कोणी आवळला हेही कळत नाही. पाठ, मान, रक्तदाब, हृदय यांचं काही असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल, तर त्यांनी पिशव्या सांभाळाव्यात. मुलांची उंची फाटकावरच्या पट्टीशी मोजतील. तिथे हुज्जत घालू नका. टाचा उचलून उभं राहायला शिकवणारे बाप मी पाहिले आहेत.

पुढे की मागे? पुढे बसलात तर समोर फक्त हवा दिसते आणि माथ्यावर गाडी क्षणभर रेंगाळते. मागे बसलात तर पुढचा भाग उताराला लागून वेग घेतलेला असतो, त्यामुळे तुम्ही माथ्यावरून खेचले जाता आणि पोटात गोळा येतो तो इथे. मी मागे बसले होते, विद्यार्थ्यांनी आग्रहाने बसवलं. मुलं लहान असतील तर पहिली फेरी मधल्या रांगेत घ्या, आणि वडापाव राइडनंतर.