जो ओरडतो त्याला आधी पैसे, असं चाललंय तुझं

चिंचवडहून पत्र आलंय. पगार 46 हजार, घराचा हप्ता 21 हजार, पर्सनल लोनचा 9800, दोन कार्डांवर मिळून 2 लाख 40 हजार, वर एका ॲपचं लोन. धाकट्या भावाने धंद्यासाठी दीड लाख नेले ते परत दिले नाहीत, त्यावर दोन पानं. प्रश्न दोनच, "मावशी, मला जेल होईल का? आणि भावाला कसं समजावू?"

भावाचं राहू दे बाजूला. तू मधेच एक ओळ लिहिलीयस, "घराचे दोन हप्ते राहिलेत पण बँकेचा तसा त्रास नाही." अरे, ही ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला! कार्डवाले दिवसातून दहा फोन करतात म्हणून त्यांचे 12 हजार मिनिमम तू इमानाने भरतोस, ॲपवाले सासऱ्यांना फोन लावतील या भीतीने त्यांचे 9 हजार भरतोस, आणि ज्या बँकेकडे तुझं घर तारण आहे ती गप्प आहे म्हणून तिला थांबवून ठेवलंस. कार्ड, पर्सनल लोन, ॲप यांच्याकडे तुझं तारण काहीच नाही, म्हणून तर ते एवढा आरडाओरडा करतात. घराच्या बँकेला ओरडायची गरजच नाही. थकबाकीला 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्यात धरलं जातं, मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, तेवढ्यात नाही भरलं तर ताबा आणि लिलाव, आणि त्यासाठी तिला आधी कोर्टात दावाही लावावा लागत नाही.

आणि ते 12 हजार जातात कुठे बघ जरा. महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर व्याजच 8400, त्यावर 18 टक्के जीएसटी 1512. म्हणजे मूळ कर्ज कमी झालं जेमतेम दोन हजाराने, आणि तू लिहितोस किराणा त्याच कार्डावर आणतो!

जेलचं सांगते. पैसे नाहीत म्हणून कार्डाचं बिल थकलं तर कोणी जेलमध्ये टाकत नाही, ती दिवाणी बाब आहे, बँक दावा लावू शकते. पण दिलेला चेक किंवा ऑटो-डेबिट बॅलन्स नाही म्हणून बाउन्स झालं तर तो गुन्हा धरला जातो, 2 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे घाबरून कुणाला पुढच्या तारखेचे चेक देऊ नकोस आणि कोर्टाचा कागद आला तर न उघडता कपाटात टाकू नकोस.

आता ऐक. कार्डाचे 12 आणि ॲपचे 9 मिळून 21 होतात, म्हणजे बरोब्बर घराचा एक हप्ता. या महिन्याचे हे 21 हजार घराला जाणार, बाकी कुणालाही नाही. सोमवारी अर्धी सुट्टी टाक, होम लोनच्या ब्रँचला जा, पैसे भर, ते सगळ्यात जुन्या हप्त्याला लावून घे आणि मुदत वाढवून हप्ता कमी करा असा लेखी अर्ज देऊन पोच घे. पर्सनल लोन चालू राहू दे. कार्डाच्या बँकेला थकबाकीचे हप्ते पाडून द्या असं ईमेल कर आणि कार्ड कापून टाक.

फोन वाढतील, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पडेल, लेट फी लागेल, हे मी लपवत नाही. पण वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची परवानगी नाही, नातेवाईकांना त्रास द्यायची तर अजिबातच नाही. कॉल रेकॉर्ड कर, कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार कर, 30 दिवसांत दाद नाही दिली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आणि बायकोला यातलं काहीच माहीत नाही म्हणतोस. घराच्या लोनवर तिची पण सही आहे ना, मग नोटीस तिच्याही नावाने येणार आणि सिबिल तिचंही पडणार. आज रात्री तिला सगळे आकडे दाखव आणि सोमवारी तिला सोबत घेऊन जा. भावाच्या दीड लाखाचं त्यानंतर लिही, त्याचंही उत्तर देते.