व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) कार्ट्रिजमधून, म्हणजे द्रव भरायच्या नळीतून, द्रवात जड धातू उतरतात का, हे प्रयोगशाळेत कसं तपासायचं?

नुसतं रिकामं कार्ट्रिज आम्लात विरघळवून मोजू नका. त्यातून धातूत एकूण शिसं किती एवढंच कळतं, द्रवात किती उतरतं ते नाही. कार्ट्रिज भरून काही आठवडे ठेवा आणि भरण्याआधीचा व नंतरचा, दोन्ही द्रव तपासा. फरक हाच खरा निकाल. सुमारे ०.२ ग्रॅम नमुना नायट्रिक आम्लात बंद भांड्यात मायक्रोवेव्हने विरघळवा, मग आयसीपी-एमएसवर (अत्यल्प प्रमाणातले धातूही मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांच्याबरोबर निकेल-क्रोमियमही घ्या. शिसं बहुधा पितळी भागांतून येतं, निकेल-क्रोमियम द्रव तापवणाऱ्या कॉइलमधून. द्रव काढताना स्टीलची सुई टाळा, तीच क्रोमियम मिसळते. प्रत्येक खेपेला कोरा नमुना (व्हेपचा द्रव न घालता, बाकी सगळं तसंच केलेला) हवाच. शक्य असेल तर वाफही गोळा करून तपासा, फुप्फुसात तीच जाते.