घरच्या रेकॉर्डिंगला स्वस्तात कोणतं सॉफ्टवेअर?

प्रश्न: मी पेटी वाजवतो आणि भजनं गातो, घरीच रेकॉर्ड करायचंय. विंडोजचा जुना लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम. क्रॅक व्हर्जन टाकू का? मित्र म्हणतो फुकटातलं काही कामाचं नसतं.

उत्तर: क्रॅक नकोच, सोबत व्हायरस येतो आणि मग लॅपटॉपच बसतो. मित्राचंही फार मनावर घेऊ नका. फक्त आवाज नि पेटी घ्यायची, कापाकापी करायची तर ऑडॅसिटी फुकट आहे नि पुरतं. पण पुढे तबला, टाळ, कोरस असे वेगवेगळे ट्रॅक लावून नीट मिक्स करायचं असेल तर मी सरळ रीपर सांगेन, एकदम हलकं आहे, जुन्या मशीनवरही चालतं, ६० दिवस सगळं वापरून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला, तेही एकदाच, दरमहा भाडं नाही. दिसायला जरा रुक्ष आहे, पण इलाज नाही! मॅक असता तर गॅरेजबँड फुकटच होतं.

गाताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा ऐकू येतो ना, त्याला सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, ऑडिओ इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडायच्या डबीचा) आसियो ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी करणारा ड्रायव्हर, टाका, बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते, सॅम्पलमध्ये) रेकॉर्डिंगला १२८ आणि मिक्सिंगला १०२४ ठेवा, १२८ वर आवाज तुटायला लागला तर २५६ करा. वाचलेले पैसे माइकवर घाला, आणि पंखा बंद करून गा.