रेअर अर्थच्या भांडणात चीनचं पारडं जड का, आणि आपला साठा कुठे अडतो

प्रश्न असा आहे: २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ (चुंबकांत लागणारी निओडिमियम, डिस्प्रोसियमसारखी मूलद्रव्यं) अडवल्यावर अमेरिकेला वाटाघाटीला बसावं लागलं. भारताचा साठा तर जगात तिसऱ्या क्रमांकाचा मानतात, मग हे हत्यार आपल्याकडे का नाही? ‘राजकीय इच्छाशक्ती नाही’ हे यावरचं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. मी पुण्याजवळच्या वाहन उद्योगात सुट्या भागांच्या खरेदीत काम करतो, त्यामुळे या भांडणाची झळ टेबलावर बसूनच लागली.

या सगळ्या व्यवहारात जमिनीतलं खनिज ही सर्वात सोपी गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण १९६० ते ८० च्या दशकांत जगाची मोठी पुरवठादार होती. मोटरांत लागणारं ताकदवान निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्स आणि जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्सने स्वतंत्रपणे शोधलं. पुढे जनरल मोटर्सने मॅग्नेक्वेंच ही आपली चुंबकांची कंपनी १९९५ मध्ये विकून टाकली. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या आणि काही वर्षांत इंडियानातलं उत्पादन चीनला गेलं. २००२ मध्ये माउंटन पासही थंडावली. पर्यावरणाचे नियम कडक, सांडपाण्याच्या गळतीची प्रकरणं मागे लागलेली आणि चिनी माल स्वस्त. कुणी काही हिसकावून नेलं नाही, परवडत नाही म्हणून अमेरिकनांनीच सोडलं.

खरी मेख आहे ती ही मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करण्यात. ती एकाच खनिजात एकत्र सापडतात आणि रसायनाच्या दृष्टीने जुळ्या भावंडांसारखी वागतात. आम्लात विरघळवलेलं मिश्रण आणि केरोसीनसारख्या द्रवात मिसळलेलं रसायन एका टाकीत घुसळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, मग पुढची टाकी. प्रत्येक टाकीत प्रमाण जरासंच सरकतं, म्हणून अशा शेकडो टाक्या ओळीने लावाव्या लागतात. पेकिंग विद्यापीठातले शू ग्वांगशियान यांनी १९७० च्या दशकात या टाक्यांच्या रांगेचं गणित बसवलं आणि ते कारखान्यांतल्या तंत्रज्ञांना शिकवलं. आज जगातलं सुमारे ७० टक्के खनिज चीन काढतो, पण शुद्धीकरणात आणि चुंबकांत त्याचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे चीनची ताकद. माउंटन पास पुन्हा सुरू झाल्यावरही कित्येक वर्षं तिथला माल शुद्धीकरणासाठी चीनलाच जात होता!

जपानला हा फटका २०१० मध्येच बसला. जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोट आणि जपानी तटरक्षक दलाची टक्कर झाली आणि चीनकडून येणारा माल अडकला. जपानने २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला. तिची खाण माउंट वेल्डला, शुद्धीकरण मलेशियात. इतकी वर्षं लोटली, तरी जपान चीनवरून पूर्ण सुटलेला नाही.

आता २०२५. ट्रम्प यांनी २ एप्रिलला आयातशुल्क जाहीर केलं आणि ४ एप्रिलला चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात मूलद्रव्यं आणि त्यांच्या चुंबकांना निर्यात परवाना लावला. निवड बघा: मोटर तापली तरी चुंबकाची शक्ती टिकावी म्हणून डिस्प्रोसियम घालतात. ते वजनात थोडंसंच लागतं, पण त्यावाचून अडतं.

आमच्याकडे त्याचा अर्थ कागद. अंतिम वापराचं प्रमाणपत्र: माल शस्त्रात वापरणार नाही, पुढे कुणाला विकणार नाही. त्यावर आपल्या सरकारी खात्यांची मोहोर, मग दिल्लीतल्या चिनी वकिलातीची, मग फाइल पुरवठादाराकडे आणि तो बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयात अर्ज करणार. गाडीच्या किमतीत पाच टक्केही नसलेल्या वस्तूसाठी लाइन थांबायची वेळ. राजीव बजाज यांनी जुलैमध्ये जाहीरच सांगितलं होतं की ऑगस्टमध्ये चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. गंमत म्हणजे निर्बंध सुट्या चुंबकावर होता, तयार मोटरवर नव्हता. त्यामुळे अख्खी मोटरच चीनहून आणावी का, याची चर्चा सुरू झाली. म्हणजे इथे होणारं काम तिकडे!

अमेरिकेनेही मे महिन्यात चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि विमानाच्या इंजिनांचे भाग अडवले होते. लंडनच्या वाटाघाटींनंतर जुलैमध्ये ते सोडले, बदल्यात रेअर अर्थचे परवाने. ऑक्टोबरमध्ये चीनने यादी वाढवली आणि बुसानला ट्रम्प-शी भेट झाल्यावर ती वाढ वर्षभरासाठी स्थगित केली. मात्र एप्रिलचे परवाने कायम राहिले. बातम्यांत हा फरक बऱ्याचदा गाळला जातो.

मला यातली सर्वात महत्त्वाची घटना वाटते ती जुलै २०२५ ची. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने माउंटन पास चालवणाऱ्या एमपी मटेरियल्समध्ये ४० कोटी डॉलरचे शेअर घेतले आणि चुंबकातल्या मुख्य रेअर अर्थना, म्हणजे निओडिमियम-प्रासिओडिमियमला, किलोमागे ११० डॉलरची किमान किंमत दहा वर्षांसाठी बांधून दिली. मुक्त बाजाराचे धडे देणाऱ्या देशाने हमीभाव दिला! कारण त्यांना ठेच लागलेली आहे. २०११ मध्ये भाव भडकले, तेव्हाच्या मालक मोलिकॉर्पने कर्ज काढून कारखाना उभारला, भाव कोसळले आणि २०१५ मध्ये दिवाळं निघालं.

आता आपलं बघू. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे. त्यात थोरियम हा किरणोत्सारी धातू असल्यामुळे ते अणुऊर्जा कायद्याखाली येतं आणि काम सरकारी आयआरईएलकडे (पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स) आहे. ही कंपनी १९५० पासूनची, म्हणजे उशिरा जागे झालो असंही नाही. पण या वाळूत निओडिमियमसारखी हलकी मूलद्रव्यं भरपूर आणि डिस्प्रोसियम नाममात्र. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. चुंबकात साधारण ३० टक्के निओडिमियम-प्रासिओडिमियम धरलं तर सुमारे १,८०० टन धातू हवा. आयआरईएलचं आजचं उत्पादन काही शे टनांचं. कारखाना उभा राहील, कच्चा माल कुठून आणणार हे आधी विचारा.

आणि चुंबक इथे बनलं तरी ते घेणार कोण? परवाने सुरळीत झाले की आमच्यासारख्या खरेदी विभागात कोटेशनं पुन्हा शेजारी शेजारी लागतात आणि किलोमागे कमी भाव असलेल्यावर सही होते. देशी चुंबकाला जास्त पैसे मोजा, असं मला आजवर कुणी वरून सांगितलेलं नाही.